तळ्यात, मळ्यात, इंग्रजीत

मलकापूर म्हटले की बहुतेकांना बुलढाणा जिल्ह्यातले, रेल्वे स्टेशनाचे मलकापूर आठवते. कोल्हापूरकरांना शाहूवाडी तालुक्यातले आठवते. या प्रकरणातले मलकापूर तिसरे, सातारा जिल्ह्यातले. पुणे-बंगळूर महामार्गावर कऱ्हाडला खेटून वाढलेले, आगाशिवाच्या डोंगराजवळचे, मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून राज्यात नाव झालेले. इथले मूल शाळेत जाता-येता किती इंग्रजी पाहते याचा हिशेब कुणी ठेवत नाही. सर्व्हिस रोडवर टायर, हार्डवेअर, मोबाईल रिपेअरिंग. कृष्णा रुग्णालयाच्या आवारात फार्मसी, कॅज्युअल्टी, एक्स-रे. वैद्यकीय महाविद्यालयामुळे परराज्यांतून आलेले विद्यार्थी चहाच्या गाड्यावर हिंदीत आणि इंग्रजीत गप्पा मारत उभे असतात. डोळ्यांना आणि कानांना इंग्रजी इथे परकी नाही. तरीही सहावीतल्या मुलाला ‘तुझी सायकल कुठे आहे’ एवढेच इंग्रजीत विचारायला सांगा, तो छताकडे बघू लागतो. शब्द त्याच्याकडे असतात, सायकल हा शब्द तर इंग्रजीच आहे. नसते ते वाक्य. आणि त्याहून नसते ती ते वाक्य बोलण्याची गरज. मराठी शाळेत, मराठी गावात, मराठी बोलणाऱ्या मित्राला त्याने इंग्रजीत प्रश्न का विचारावा?

वर्गातल्या खेळाचे काम एवढेच, की ही नसलेली गरज दहा मिनिटांपुरती खरी करायची. खेळ म्हणजे कडू औषधाला लावलेला मध, अशी आपल्याकडे समजूत आहे. मुले कंटाळली की खेळ घ्यायचा, मग ‘खरा’ अभ्यास. या समजुतीमुळे खेळही वाया जातो आणि अभ्यासही.

इंग्रजी आपल्या मराठी शाळांत कधीपासून शिकवावी यावर महाराष्ट्राने पाऊणशे वर्षे वाद घातला, कशी शिकवावी यावर त्या मानाने फार कमी. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या सरकारने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली. मुलांची इंग्रजीशी गाठ आठवीत पडू लागली. पुढे ती पुन्हा पाचवीत आली. मग जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, ती मराठी शाळांच्या पहिलीत आणली गेली. त्या निर्णयावर तेव्हा रणकंदन झाले. मराठीचे काय होणार, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींनी पहिलीतल्या पोराला इंग्रजी शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने बघावे असेच राहिले. पहिलीच्या पुस्तकांत गाणी, कृती, ऐकणे-बोलणे यांवर भर होता. पण गुरुजी स्वतः शिकले होते ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाने: आधी शब्द, मग त्याचा अर्थ, मग नियम, मग मराठी वाक्याचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी. त्या वळणाने पिढ्या शिकल्या, त्यातल्या अनेकांचे लिहिणे आणि वाचणे उत्तम झाले, हे विसरू नये. बोलणे मात्र त्यात नव्हतेच.

या भागाचा आणखी एक पदर आहे. मलकापूरपासून जवळच, कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली. घरात ज्यांच्या आधी कुणी पाटी धरली नव्हती अशी मुले शाळेत आली, शिकली, शिक्षक झाली. म्हणजे इथे इंग्रजी शिकवणाऱ्या कित्येकांच्या घरात इंग्रजी बोलणारी ती पहिलीच व्यक्ती. त्यांच्या मनातली धास्ती मुलांपर्यंत पोचते. चुकीच्या भीतीने शिक्षक बोलत नाही, शिक्षक बोलत नाही म्हणून मूल ऐकत नाही, आणि ऐकलेच नाही ते बोलणार कुठून? खेळाचा मोठा फायदा इथेच आहे. खेळात चूक झाली तर डाव जातो, अब्रू जात नाही.

पण वाटेल तो खेळ चालत नाही. एक साधी कसोटी लावावी: इंग्रजीचा एक शब्दही न उच्चारता हा खेळ पुरा होतो का? होत असेल तर तो खेळ चांगला असेल, इंग्रजीचा तास नव्हे. ‘मामाचं पत्र हरवलं’ घ्या. मुले गोल बसतात, एक जण रुमाल घेऊन फिरतो, कुणाच्या तरी पाठीमागे टाकतो, मग पळापळ. त्यातल्या ‘मामा’चा ‘अंकल’ केला म्हणून तो इंग्रजीचा खेळ होत नाही. पळणे मराठीतच होते. संगीत खुर्चीचेही तसेच. फळ्यावर चित्रे चिकटवून मुलांनी ‘मँगो’, ‘बनाना’ असे एका सुरात ओरडणे हाही खेळ नाही. ते पाढे आहेत, फक्त रंगीत.

याउलट ‘शिवाजी म्हणतो’. जगभर हा खेळ वेगवेगळ्या नावांनी खेळला जातो, महाराष्ट्रातल्या पोरांनी त्यात महाराजांना बसवले. म्हणणारा आज्ञा देतो. ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द आधी आले तर करायचे, नाही आले तर जागच्या जागी थांबायचे. इथे ऐकल्याशिवाय आणि समजल्याशिवाय हलताच येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझे येथील जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात नेमका हाच धागा पकडला. मूल आईची भाषा शिकते तेव्हा ते महिनोन्महिने बोलत नाही. ‘इकडे ये’, ‘ते ठेव’, ‘हात पुढे कर’ या आज्ञा ऐकून शरीराने उत्तर देते. मग परकी भाषा शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून बोलायला का लावायचे? ॲशरने जपानी आणि रशियन शिकवताना आज्ञांवर आधारलेले प्रयोग केले आणि त्यातून शिकवण्याची एक पूर्ण पद्धत उभी केली. आपल्या अंगणात ती आधीपासून होती, फक्त तिला कुणी पद्धत म्हणत नव्हते.

‘शिवाजी म्हणतो’ वर्गात घेताना मात्र दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली म्हणजे आज्ञांची चढण. ‘सिट’, ‘स्टँड’, ‘टच युअर नोज’ हे दोन दिवसांत मुलांच्या अंगवळणी पडते आणि मग मुले ऐकणे सोडून शेजाऱ्याचे बघून करू लागतात. त्यामुळे लगेच ‘टच द डोअर विथ युअर लेफ्ट हँड’, मग ‘पुट युअर बुक अंडर युअर फ्रेंड्स बॅग’, मग एकदम दोन आज्ञा आणि त्यांचा क्रम उलटा. शेवटी वेडगळ आज्ञा. ‘पुट युअर चप्पल ऑन द टेबल’ ऐकले की वर्ग हसतो, आणि हसतो याचा अर्थ त्याला समजले. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मूळ खेळात चुकलेला बाद होतो. वर्गात पहिल्या मिनिटात बाद होणारी मुले म्हणजे ज्यांना इंग्रजी सगळ्यांत कमी कळते तीच. ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज, ती भिंतीला टेकून उभी, आणि ज्यांना आधीच येते ती शेवटपर्यंत मैदानात. ही या खेळाची उलटी बाजू आहे. बाद करायचेच नाही. चुकणाऱ्याने पुढची आज्ञा द्यायची. शिक्षा म्हणून आलेली ही पाळी दोन फेऱ्यांत मुलांना हवीहवीशी वाटू लागते.

आज्ञा देण्याची पाळी मुलांकडे गेली पाहिजे, याला आणखी एक कारण आहे. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुले फ्रेंच शाळांत घातली जात. सगळे विषय फ्रेंचमधून. वर्षानुवर्षे शिकून ती मुले फ्रेंच छान समजू लागली, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरणात लंगडत राहिली. टोरांटोच्या मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून असे मांडले की केवळ ऐकून भागत नाही, वाक्य स्वतः घडवण्याची वेळ यावी लागते. घडवताना अडते, आणि अडते तिथे मूल शिकते. ॲशर आणि स्वेन या दोघांचे म्हणणे एकाच खेळात बसवता येते: निम्मा वेळ बाई शिवाजी, निम्मा वेळ पोरे.

‘तळ्यात-मळ्यात’ला तर मी इंग्रजीच्या पुस्तकातल्या कितीतरी पानांपेक्षा जास्त मान देईन. जमिनीवर एक रेघ, अलीकडे तळे, पलीकडे मळा. उडी चुकली की गेला. या खेळात मुळातच ‘कुठे’ हा प्रश्न आहे आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाचे घोडे तिथेच अडते. आपण ‘कुठे’ हे शब्दाच्या शेपटीला लावतो: पेटीत, टेबलावर, खाटेखाली. इंग्रजीत ते आधी येते. शिवाय आपल्या एका ‘वर’मध्ये टेबलावरचा पेला, भिंतीवरचे घड्याळ आणि डोक्यावरचा पंखा असे सगळे मावते, इंग्रजी मात्र पंख्यासाठी वेगळा शब्द मागते. हे सांगून समजत नाही. म्हणून रेघेऐवजी खडूने एक मोठा चौकोन, एक वर्तुळ आणि मध्ये एक बाक. ‘इन द सर्कल’, ‘ऑन द बेंच’, ‘अंडर द बेंच’, ‘बिटवीन द सर्कल अँड द स्क्वेअर’. चौथीच्या वर्गात हे बाहेर मैदानात घ्यावे, कारण बाकाखाली एकदम सहा जण शिरतात. सूचना देणारा दर तीन आज्ञांनी बदलायचा. पायांनी शिकलेले हे शब्द पुढे वहीत आले की मुले चुकतात, पण कमी चुकतात.

भेंड्यांचा खेळ इंग्रजीत आणला की एक गंमत होते. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द हा नियम तसाच ठेवला तर दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाला ‘ई’ येते, कारण इंग्रजीत कित्येक शब्दांच्या शेवटी न उच्चारली जाणारी ‘ई’ असते: टेबल, ॲपल, हाऊस, केक. मुलांचे ‘एलिफंट’, ‘एग’, ‘इअर’ पाच मिनिटांत संपतात आणि खेळ बसतो. त्यावर उपाय नियम बदलण्याचा. एक फेरी लिहिलेल्या शेवटच्या अक्षरावर, दुसरी फेरी ऐकू येणाऱ्या शेवटच्या आवाजावर. पहिल्या फेरीत ‘टेबल’वर ‘ई’, दुसऱ्या फेरीत ‘ल’. देवनागरीत जसे लिहितो तसे वाचतो अशा सवयीच्या मुलाला इंग्रजीत लिहिणे आणि बोलणे यांची फारकत असते हे यातून व्याख्यानाशिवाय कळते. ‘नाव, गाव, फळ, फूल’ हा खेळही स्पेलिंगसाठी ठीक, पण तो शांतपणे, कागदावर, एकट्याने खेळला जातो. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजत असताना, जेव्हा कुणाचेच बोलणे कुणाला ऐकू येत नाही, तेव्हा तो काढावा. कानगोष्टींबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. चाळीस मुलांच्या ओळीत एका वेळी एकच मूल कुजबुजत असते आणि एकोणचाळीस जण एकमेकांना चिमटे काढत असतात. घ्यायच्याच असतील तर आठ-आठांच्या ओळी कराव्यात आणि ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फुल’ आणि ‘फूल’ असे जवळजवळचे आवाज असलेली वाक्ये द्यावीत.

आता बोलण्याकडे येऊ. दोन माणसे खरे बोलतात कधी? एकाला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसते तेव्हा. बाई हातात पेन धरून ‘व्हॉट इज धिस’ विचारतात, तेव्हा बाईंना पेन दिसते, मुलाला दिसते, साऱ्या वर्गाला दिसते. हा प्रश्नच नव्हे. भारतात यावर मुळापासून विचार केला तो एन. एस. प्रभू यांनी. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांमध्ये त्यांनी इंग्रजीचा एक प्रयोग चालवला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभरच्या भाषाशिक्षकांत ओळखला जातो. त्यात व्याकरणाचा धडा नव्हता, पाठांतर नव्हते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, अंतरे, पैशांचे हिशेब यांवरचे प्रश्न मुलांपुढे ठेवायचे आणि ते इंग्रजीतून सोडवायला लावायचे. मुलांचे लक्ष उत्तराकडे, भाषा वाटेत शिकली जाते, असे त्यांचे म्हणणे. एकाकडची माहिती दुसऱ्याकडे पोचवण्याची कामे, तर्काने उत्तर काढण्याची कामे आणि स्वतःचे मत सांगण्याची कामे, अशी त्यांनी वर्गवारी केली.

प्रभूंचे नाव घेणारे बरेच जण एक गोष्ट गाळतात. मुलांचे गट करून त्यांना आपापसात बोलू द्यावे, याला प्रभू अनुकूल नव्हते. गटात मुले एकमेकांची चुकीची इंग्रजी ऐकतील किंवा सरळ मातृभाषेत बोलतील, अशी त्यांची शंका होती. म्हणून शिक्षकाने आधी संपूर्ण वर्गासोबत एक काम सोडवायचे आणि मग तसेच दुसरे काम मुलाने एकट्याने करायचे, अशी त्यांची रीत. मलकापूरच्या किंवा कुठल्याही मराठी शाळेतल्या वर्गात गटांचा खेळ सुरू करून बघा, प्रभूंची शंका दोन मिनिटांत खरी ठरते. मुले मराठीत भांडतात, मराठीत वाटाघाटी करतात आणि शेवटी एक इंग्रजी शब्द बाईंना सांगतात. तरीही मला वाटते, गट सोडू नयेत. नियम मराठीत समजावावेत, भांडण मराठीत होऊ द्यावे. फक्त ज्या वाक्याशिवाय उत्तर मिळत नाही, ते एक वाक्य इंग्रजीतच असावे आणि ते अर्धवट फळ्यावर लिहून ठेवलेले असावे.

साधे उदाहरण. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एकाकडे मलकापूरचा नकाशा आहे. त्यात महामार्ग, ढेबेवाडी फाटा, रुग्णालय आणि आगाशिवनगर दाखवले आहे, पण शाळा आणि बेकरी नाही. दुसऱ्याकडच्या नकाशात शाळा आणि बेकरी आहे, बाकीचे नाही. दोघांनी विचारून-विचारून आपला नकाशा पुरा करायचा. फळ्यावर ‘व्हेअर इज द…’, ‘इट इज निअर…’, ‘इट इज ऑपोझिट…’ एवढेच. गाव मुलाच्या पायाखालचे असल्यामुळे त्याला ठिकाणांचा विचार करावा लागत नाही, सगळा जोर वाक्यावर जातो. लंडनचा नकाशा दिला तर दोन्हीकडे अडते. पाठ्यपुस्तकातला अनोळखी बगीचा आणि अनोळखी सुपरमार्केट यांच्या जागी आपले गाव टाकणे ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा आहे. पाण्याच्या मीटरचेही तसेच करता येते. प्रत्येकाने घरचे दोन दिवसांचे आकडे आणायचे, दुसऱ्या दिवशी पाच जणांना ‘हाऊ मच वॉटर डिड युअर फॅमिली यूज’ विचारून तक्ता भरायचा. जिथे घराघरांत मीटर आहे, तिथे हा प्रश्न पोकळ राहत नाही. कुणाच्या घरी पाहुणे होते म्हणून आकडा फुगला, हे सांगायला मुले धडपडतात. त्या धडपडीत ‘गेस्ट्स केम’ असे दोन शब्दांचे, अपुरे का होईना, पण स्वतःचे वाक्य बाहेर पडते.

माझ्या मते या सगळ्यांत सरस खेळ म्हणजे राजा, राणी, चोर, शिपाई. चार चिठ्ठ्या, चार मुले. मूळ खेळात शिपाई नुसता अंदाज करतो. इंग्रजीच्या तासाला त्याला चौकशी करू द्यायची. राजा आणि राणी यांच्या चिठ्ठ्यांवर एकच हकिकत लिहायची: काल संध्याकाळी आम्ही कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर गेलो, भेळ खाल्ली, सात वाजता रिक्षाने परत आलो, पाऊस होता. चोराच्या चिठ्ठीवर फक्त ‘प्रीतिसंगम’. बाकीचे त्याने रचायचे. शिपायाला काहीच माहीत नाही. तो तिघांना एकेक करून विचारतो: ‘व्हेन डिड यू गो?’, ‘व्हॉट डिड यू ईट?’, ‘डिड यू वॉक होम?’, ‘वॉज इट रेनिंग?’ बाकीच्या दोघांनी तोवर कान बंद ठेवून लांब उभे राहायचे. ज्याची उत्तरे जुळत नाहीत तो चोर.

या एका खेळात काय काय होते बघा. मराठीत प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की झाले, नुसता सूर चढवला तरी चालते. म्हणून आपली मुले इंग्रजीतही ‘यू वेंट मार्केट?’ असेच विचारतात. इंग्रजीला प्रश्नासाठी ‘डिड’ हा एक जादा शब्द पुढे आणावा लागतो आणि तो आला की ‘वेंट’चा पुन्हा ‘गो’ होतो. हा नियम फळ्यावर शंभरदा लिहून मुले परीक्षेत बरोबर लिहितात आणि बोलताना चुकतात. इथे एका डावात शिपायाच्या तोंडून तो पंधरा-वीस वेळा जातो, आणि तेही कुणी म्हणायला लावले म्हणून नव्हे, चोर पकडायचा म्हणून. उत्तर देणाऱ्याला ‘वेंट’, ‘एट’, ‘केम’ लागतात. चोराला तर सर्वांत जास्त इंग्रजी लागते, कारण त्याला खोटे सांगायचे असते आणि खोट्याला तपशील लागतो. वर्गातली खोडकर मुले या खेळात एकदम वाक्येच्या वाक्ये बोलू लागतात.

‘डिड यू वेंट’ असे ऐकू आले तर? येतेच. तिथल्या तिथे खेळ थांबवून दुरुस्ती केली की चौकशी मेली. शिक्षकाने फिरत राहावे, वहीत चुका टिपाव्यात, नावे टिपू नयेत. डाव संपल्यावर त्यातल्या दोन-तीन फळ्यावर लिहाव्यात आणि वर्गालाच दुरुस्त करायला सांगावे. सगळ्या चुका एकाच दिवशी काढण्याचा मोह आवरावा.

अशा खेळांना वर्गाची मांडणी बदलावी लागते आणि सातारा जिल्ह्याला हे नवे नाही. याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने जिल्हा परिषदेच्या शाळांतून ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली गेली. बाके हलली, फरशीवर अक्षरे, आकडे आणि कोष्टके रंगवली गेली, मुले जमिनीवर बसून खडे, मणी, काड्या, कार्डे यांच्याशी खेळत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, त्या काळात कुमठ्याचे नाव शिक्षकांच्या तोंडी होते. पाहून गेलेल्यांपैकी कित्येकांनी मात्र घरी नेला तो रंग. फरशा चित्रमय झाल्या आणि मुले त्या चित्रांवर बसून पुन्हा एका सुरात पाढे म्हणू लागली. रंगवलेले कोष्टक हे साधन आहे. मूल त्याच्याशी काय करते, हा प्रश्न भराडे बाईंच्या कामात आधी होता, रंग नंतर.

शिक्षकांची खरी अडचण साहित्याची नसते, स्वतःच्या इंग्रजीची असते. शिक्षकांनी ठरावीक काळाने जमून एकमेकांशी इंग्रजीत बोलावे, वर्गात केलेले प्रयोग सांगावेत, यासाठी २०१६ पासून राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘तेजस’ नावाचा उपक्रम राज्याच्या काही जिल्ह्यांत चालवला. त्याचे मर्म वरिष्ठांच्या भाषणात नव्हते, गटात होते. वरून आदेश आला नाही तरी चार शाळांतल्या चार बाई शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर एकत्र बसून हेच करू शकतात. चोर-शिपाईचा डाव आधी आपापसात खेळून पाहावा. प्रश्न कुठे अडतात ते लगेच कळते, आणि हसायलाही मिळते.

पालकांचा आक्षेप वेगळा. ‘वहीत काहीच नाही, मग शिकवले काय?’ मलकापूर-कऱ्हाड पट्ट्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या दारात येतात आणि मराठी शाळेतल्या बाईंना रोज त्या गाड्यांशी स्पर्धा करावी लागते. याच जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभे केलेले काम या वादात आठवावे. जन्माने अमेरिकन, मातृभाषा इंग्रजी. साठच्या दशकात त्या फलटणला आल्या, तिथल्या बोलीचा अभ्यास केला, भारतीय नागरिकत्व घेतले. त्यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये जी शाळा निघाली, ती कमला निंबकर बालभवन, मराठी माध्यमाची आहे. इंग्रजी ज्यांच्या घरची, त्यांनीच मुलांसाठी मराठी शाळा काढावी, यात विचार आहे. ज्या भाषेत मूल भांडते, रचते, खोटे बोलते, त्या भाषेचा पाया पक्का असला की दुसरी भाषा त्यावर उभी राहते. चोर-शिपाईतल्या चोराला कथा आधी मराठीतच सुचते. ती सुचायला तर हवी.

पालकांच्या वहीच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे, टाळू नये. खेळानंतरची पाच मिनिटे लिहिण्याची ठेवावीत: शिपायाने तपासाचा अहवाल तीन ओळींत लिहायचा, राजा-राणीने काल काय केले ते लिहायचे. ते पान घरी जाते.

आवाजाचे काय? होणार. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींना आधी सांगून ठेवावे. अभ्यासक्रम पुरा होईल का? ‘डिड’चा धडा तसाही दोन तास खातो, त्यातला एक तास या डावाला दिला तर काही बुडत नाही. चाळीस मुलांच्या वर्गाला दहा संच लागतात, म्हणजे चाळीस चिठ्ठ्या. जुन्या वहीची चार पाने पुरतात. कुठल्याही शाळेतल्या बाई-गुरुजींना माझे एवढेच सांगणे: या आठवड्यात एकच खेळ घ्या, चोर-शिपाईचा घ्या, आणि चिठ्ठ्यांवर आपल्याच गावाची नावे लिहा.